ज्याचे त्यास देणारा विद्यार्थी



परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र तुम्हांला नवीन नाही. दर १४ एप्रिलला आणि दर ६ डिसेंबरला आपण ते ऐकतो. चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी. त्यांच्या पदव्यांची यादी तर आपल्या बालवाडीतल्या पोरांनाही पाठ असते. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. परंतु या पदव्यांमागचा विद्यार्थी लिहिताना कसा वागत होता, दुसऱ्याच्या पुस्तकातून काय घेत होता, घेतल्याचे कबूल कसे करीत होता, आणि जे आपल्याला सिद्ध करता आले नाही त्याविषयी काय म्हणत होता, ही बाजू आपल्या व्यासपीठांवरून फार क्वचित सांगितली जाते. ती आज सांगावी असे मला वाटते, आणि त्याला कारणही तसेच आहे.

आपल्या या पट्ट्यात १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहू लागली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली, मग भोसरी, चिंचवड, तळवडे करीत कारखानदारी थेट चाकणला जाऊन पोहोचली. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-साताऱ्याकडून गाव सोडून आलेल्या आपल्या माणसांनी येथे हमाली केली, मशीन चालवल्या, तीन-तीन पाळ्या काढल्या. त्यांची मुले आणि नातवंडे आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकत आहेत. ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच कॉलेजांच्या आसपास तयार प्रोजेक्ट विकत मिळतात. नाव बदलले, मुखपृष्ठ नवे छापले, स्पायरल बाइंडिंग केले की काम झाले. एम.ए.चा लघुप्रबंध पानाच्या दराने लिहून देणारे आहेत. ज्या कंपनीच्या फाटकातून मुलगा कधी आत गेला नाही, तिथे दोन महिने काम शिकल्याचा दाखला मिळवून देणारेही आहेत. आणि आता तर मोबाइलमधले यंत्रच विचाराल तो निबंध दोन मिनिटांत लिहून देते. यात आपली मुले एकटी नाहीत, सगळ्या जातींची मुले हे करतात, असे मला सांगितले जाते. ते खरे आहे. परंतु सगळ्या जातींची मुले आपल्या प्रोजेक्टच्या फाइलवर बाबासाहेबांचा फोटो लावीत नाहीत.

आपण रोज पंचशील म्हणतो. दुसरे शील अदिन्नादानाचे, म्हणजे न दिलेले घेऊ नये असे. यावर एका हुशार विद्यार्थ्याने मला वाद घातला की प्रोजेक्ट मी पैसे देऊन घेतला, म्हणजे तो मला दिलेलाच आहे, चोरी कुठली? वाद चांगला होता. पण प्रत्येक प्रबंधात आरंभीच एक पान असते. हे लेखन माझे स्वतःचे आहे असे त्यावर लिहिलेले असते आणि खाली विद्यार्थ्याची सही असते. दुसऱ्या शिलातून तो सुटला असे धरले तरी त्या सहीपाशी चौथे शील, मुसावादाचे, उभे असते. त्याला काही उत्तर त्या मुलाजवळ नव्हते.

तर आता चरित्राकडे वळू.

भीमराव १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या आपल्या पालकांना हा आकडा सांगितला तर ते गप्प होतात. ज्या मुलाला शाळेत संस्कृत शिकू दिले नाही म्हणून ज्याला पर्शियन घ्यावे लागले, जो परळच्या चाळीतल्या एका खोलीत रात्री उठून दिव्याखाली वाचत होता, त्या मुलाचे ते गुण होते. पण होते त्याचे स्वतःचे. ते लपवण्याची गरज ना त्यांना वाटली, ना त्यांच्या चरित्रकारांना. त्याच शाळकरी वयात त्यांच्या उत्तीर्ण होण्याबद्दल समाजाने सभा भरवली, आणि त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. हे पुस्तक लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ ला एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पंचवीस वर्षांचा अस्पृश्य विद्यार्थी, आणि विषय जातीचा. जातीविषयी त्याला पुस्तकांतून काय शिकायचे होते? त्याच्या अंगावर ती लिहिलेली होती. तरीही त्यांनी काय केले पाहा. आपल्याआधी या विषयावर लिहिणाऱ्यांची, सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांची, नावे घेऊन प्रत्येकाची व्याख्या मांडली. तीत बरोबर काय आणि उणे काय ते सांगितले, आणि मग आपले मत दिले. खालच्या जाती वरच्यांचे अनुकरण करतात आणि त्यातून जात पसरते, हे मांडताना अनुकरणाचे नियम फ्रेंच विचारवंत तार्द यांचे आहेत, हे नावानिशी सांगितले. आणि निबंध संपवताना आपला सिद्धांत अखेरचा आहे असा दावा केला नाही. तो चुकीचा ठरवून दाखवला तर सोडून देण्याची आपली तयारी आहे, असे ते सांगून मोकळे झाले. आपल्या दुःखाविषयी बोलतानाही पुराव्याला वरचे आसन देणे हे सोपे नाही. तुम्ही करून पाहा.

पुढचे वर्ष कष्टाचे गेले. लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून १९१७ ला परत यावे लागले, आणि वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे पुस्तकांचे सामान युद्धात त्या बोटीबरोबर समुद्राच्या तळाशी गेले. बडोद्याचा अपमान, सिडनहॅम कॉलेजातील नोकरी, हे तुम्हांला ठाऊकच आहे. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० ला पुन्हा लंडनला गेले.

लंडनमधल्या एका प्रसंगाजवळ मात्र थोडे थांबू या. १९२१ ला तेथे ते एम.एस्सी. झाले, आणि १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी लंडन विद्यापीठाला सादर केला. इंग्रज सरकारचे चलनविषयक धोरण हिंदी जनतेला कसे महागात पडले, हे त्यात आकडे देऊन दाखवले होते. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या नामवंत अर्थशास्त्रज्ञाच्या मताला तेथे विरोध होता. १९२३ च्या आरंभी परीक्षकांनी प्रबंध परत केला आणि पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. पैसे संपलेले होते. रमाबाई मुंबईत कशा दिवस काढीत होत्या, ते त्यांना माहीत होते. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांनी काय केले असते? परीक्षकांना रुचेल असा निष्कर्ष लिहिला असता आणि पदवी खिशात घातली असती. नाहीतर दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतला असता. भीमराव मुंबईला आले आणि त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, आणि तो परत लंडनला पाठवला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना डी.एस्सी. मिळाली, आणि डिसेंबर १९२३ मध्ये तो प्रबंध पुस्तकरूपाने लंडनला छापला गेला.

त्या पुस्तकाला त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. कॅनन यांना शिष्याचा प्रत्येक मुद्दा पटलेला नव्हता, आणि ते त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवले. शिष्याने ती प्रस्तावना जशीच्या तशी पुस्तकाच्या दारात बसवली. आपल्याकडे पुस्तकाला प्रस्तावना मागायची म्हणजे स्तुती मागायची. स्वतःच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानांत गुरूचा मतभेद छापून घेणारा माणूस आपल्या कामाविषयी किती निर्धास्त असला पाहिजे! पुस्तक अर्पण केले ते आईवडिलांच्या स्मृतीला.

कोलंबियाच्या पीएच.डी.चेही असेच. प्रबंध लिहून झाला तो १९१६ साली. परंतु छापील प्रती विद्यापीठाकडे दिल्याशिवाय तिथली पदवी हाती पडत नसे. प्रबंध सुधारून १९२५ ला छापला गेला आणि पदवी रीतसर मिळाली १९२७ ला. अकरा वर्षे. चाकणच्या एखाद्या कंपनीत पगारवाढीसाठी सहा महिन्यांत डिग्री आणून द्या म्हटल्यावर ती विकत आणणाऱ्यांनी हे साल दोनदा वाचावे.

१९३६ चे लाहोरचे प्रकरण आपणांस माहीत आहे. जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष नेमले, भाषण छापून आले, आणि त्यातील काही मजकूर गाळावा असा आग्रह सुरू झाला. त्यांनी नकार दिला. परिषदच रद्द झाली, आणि त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, १५०० प्रती. हे शौर्य म्हणून सांगतात, आणि ते आहेच. माझे लक्ष मात्र दुसऱ्या आवृत्तीकडे जाते. १९३७ च्या त्या आवृत्तीत त्यांनी महात्मा गांधींनी त्या भाषणावर केलेली टीका पूर्ण छापली आणि मगच आपले उत्तर जोडले. विरोधकाचे सोयीचे अर्धे वाक्य उचलून त्यावर तुटून पडणे त्यांना अवघड नव्हते. वाचकाला दोन्ही बाजू एकाच पुस्तकात मिळाव्यात आणि निवाडा त्याने करावा, ही त्यांची रीत होती. १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण या विषयावरचे पुस्तक निघाले, त्याच्या प्रस्तावनेतही त्यांनी हातचे काही राखले नाही. जेथे पुराव्याची कडी तुटलेली आहे, तेथे आपण तर्काने आणि कल्पनेने ती जोडली आहे, असे त्यांनी वाचकाला आधीच सांगून ठेवले.

आता आपल्या दाराशी घडलेली गोष्ट. रंगूनच्या तिसऱ्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतल्यावर बाबासाहेब २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला आले आणि तेथील विहारात त्यांच्या हस्ते भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना झाली. धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. दरवर्षी त्या दिवशी देहूरोडला आपला समाज लोटतो. त्या सभेत त्यांनी पंढरपूरची मूर्ती मूळची बुद्धाची आहे, असे आपले मत सांगितले. हे आपण सारे सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी पुढे जे सांगितले ते आपण गाळतो. या विषयावर आपण प्रबंध लिहिणार आहोत आणि तो पूर्ण झाल्यावर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळापुढे वाचणार आहोत, असे ते म्हणाले होते.

यातला अर्थ ध्यानात घ्या. समोर हजारो लोक होते. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला त्यांना पुराव्याची गरज नव्हती. बाबासाहेब म्हणाले म्हणजे झाले. तरीही त्यांनी आपल्या मताचा न्यायनिवाडा टाळ्यांवर सोडला नाही. ज्यांचा त्यांच्याशी मतभेद होण्याची शक्यता अधिक, अशा अभ्यासकांच्या सभेत जाऊन ते मत मांडण्याचे त्यांनी कबूल केले. दोन वर्षांच्या आत त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि तो प्रबंध मंडळापुढे कधी वाचला गेला नाही. म्हणून बाबासाहेबांनी हे सिद्ध केले, असे जेव्हा आपले वक्ते छातीठोक सांगतात, तेव्हा ते बाबासाहेबांच्या नावावर असे काही जमा करतात जे स्वतः बाबासाहेबांनी जमा केले नव्हते. त्यांनी मत मांडले आणि सिद्ध करण्याचे काम शिल्लक ठेवले, एवढेच आपल्याला म्हणता येते. काही वाचकांना माझे हे म्हणणे आवडणार नाही. इतिहास किंवा पाली घेऊन एम.ए. करणाऱ्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने ते शिल्लक काम हाती घ्यावे, आणि उत्तर काहीही निघाले तरी ते छापावे.

शेवटची पाच वर्षे ते 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात गुंतले होते. मधुमेह, पायांचे दुखणे, अधू झालेली दृष्टी. १९५६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी त्या ग्रंथाची प्रस्तावना लिहिली. ही प्रस्तावना आपल्यातील फार थोड्यांनी वाचली असेल. हा ग्रंथ आज आपल्या घरोघरी आहे, वर्षावासात वाचला जातो. त्याविषयी लेखकाने स्वतः काय म्हणावे? नवीन काही सांगितल्याचा आपला दावा नाही, असे त्यांनी म्हटले. हा ग्रंथ म्हणजे निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या भागांची जुळणी आहे, असे सांगताना त्यांनी चक्क कारखान्यातील जुळणीची उपमा वापरली. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचा त्यांनी खास उल्लेख केला, आणि काही प्रसंगांच्या वर्णनात आपण त्याची भाषादेखील उसनी घेतली आहे, असे लिहून ठेवले. आपले स्वतःचे म्हणाल तर ते विषयांच्या क्रमात आणि सोपेपणात, एवढेच श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतले.

चाकणच्या असेंब्ली लाइनवर काम करणाऱ्या भावांना आणि बहिणींना ही उपमा माझ्यापेक्षा चांगली कळेल. गाडीवर नाव एका कंपनीचे असते, पण तिचा दिवा, ब्रेक, वायर, सीट वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येते, आणि प्रत्येक भागावर पुरवठादाराची खूण आणि बॅच नंबर असतो. विनाखुणेचा माल आत घेत नाहीत. भाग बाहेरून आणले यात कमीपणा नाही, गाडी तशीच बनते. खूण खरवडून तो भाग आपणच बनवला असे सांगणे ही लबाडी. प्रबंधातील तळटीप म्हणजे ती खूण. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याविषयी नियमच केले. दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालवून घेतात. ते ४० टक्क्यांपर्यंत गेले तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, ६० पर्यंत गेले तर वर्षभर प्रबंध देता येत नाही, आणि त्याहून अधिक निघाले तर नोंदणीच रद्द होते. पण संगणक पकडील म्हणून तळटीप देणे वेगळे, आणि कोणी पकडणारे नसताना देणे वेगळे. माझ्या घरात पदवी घेणारी मी पहिली. माझा प्रबंध खरा की खोटा हे तपासणारे घरात कोणी नव्हते. आईच्या दृष्टीने छापलेला प्रत्येक कागद म्हणजे विद्या. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच असेल. ज्या आईला आपली लबाडी कधीच कळणार नाही, तिला फसवणे फार सोपे असते.

त्या प्रस्तावनेत आणखी दोन ऋणे मान्य केलेली आहेत. एक डॉ. मालवणकर आणि माईसाहेब यांचे, ज्यांच्या शुश्रूषेमुळे आपण हा ग्रंथ पुरा करण्याइतके जगलो असे ते म्हणाले. दुसरे केळूसकर गुरुजींचे. शाळकरी वयात हाती आलेल्या त्या बुद्धचरिताची आठवण त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षांनी, जगात नाव झाल्यावर, आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवली.

१९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा मात्र ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती का गाळली याच्या वादात मी येथे शिरत नाही. परिणाम काय झाला तेवढे सांगते. ज्याने घेतलेल्याची कबुली दिली होती त्याची कबुलीच वाचकापासून दूर राहिली, आणि या ग्रंथात संदर्भ कुठे आहेत, असे टीकाकारांना विचारता आले. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी १९६१ च्या हिंदी अनुवादासाठी पाली त्रिपिटकातील मुळे एकेक करून शोधली आणि संदर्भ जोडले. प्रस्तावना १९८० मध्ये भगवान दास यांनी जालंधरहून छापून उजेडात आणली, म्हणजे ग्रंथ निघाल्यावर तेवीस वर्षांनी.

बाबासाहेबांना स्वतःला ती किती महत्त्वाची वाटत होती, हे दिल्लीतील २६ अलीपूर रोडवरच्या अखेरच्या रात्रीवरून कळते. ५ डिसेंबर १९५६. प्रकृती पार ढासळलेली होती. निजण्यापूर्वी त्यांनी नानकचंद रत्तू यांना काही कागद जवळ आणून ठेवायला सांगितले. आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे त्यांत होती, आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म'ची प्रस्तावना होती. रात्री ती आणखी एकदा नजरेखालून घालायची होती.